जाळ्याच्या दोरांवर बसणारे हे काळे बारीक शिंपले कुठले? (सारसोळे, नेरूळ)

सारसोळ्याची_सून

कोळीवाड्यात विचारून झालं, चार जणांनी पाच उत्तरं दिली, म्हणून इथे विचारतेय.

सारसोळे जेट्टीवर आमची फायबरची होडी आहे आणि खाडीत डोल (खुंटांना बांधायची पिशवीसारखी जाळी) लावायचे खुंट आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत दोर, खुंट, होडीचं बूड, जिथे म्हणाल तिथे काळपट बारीक शिंपले बसायला लागलेत. कालवं नव्हेत. मी घाटावरची असले तरी लग्नाला आता इतकी वर्षं झाली की कालव ओळखता येतं. कालव दगडाला बसलं की कोयतीशिवाय सुटत नाही. हे हाताने ओढले की द्राक्षाच्या घडासारखे झुपकेच्या झुपके निघतात आणि मुळाशी केसांएवढे बारीक तपकिरी धागे असतात. एकेक नग दोन-अडीच सेंटीमीटरचा. ओले असताना काळे, वाळले की अंगावर फिकट-गडद नागमोडी पट्टे. कवच चिमटीत चुरतं, पण चुरलेल्या तुकड्याला धार अशी की रबरी हातमोजा फाटतो.

त्रास म्हणजे दोर जड होतात, ओढताना हात सोलतात, आणि जाळं घासून चिरतं. पाऊस पडून पाणी गोडं झालं की मरतील असं आम्ही धरून चाललो होतो. पावसाळ्यात कमी झाले खरे, दसरा-दिवाळीपर्यंत पुन्हा तेवढेच.

सासरे (आम्ही आबा म्हणतो) म्हणतात, "मी या खारीन जलम काढला, ह्यो कचरा कवा बगला नाय." दीर म्हणतात जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या, जहाजांनी आणला. शेजारच्या काकी म्हणतात सगळं गटाराच्या पाण्यामुळे. फोटो जोडलेत. कुणी सांगेल का हे नक्की काय आहे, मारायचं कसं, आणि खाता येतं का? शेवटचा प्रश्न माझा नाही, नेरूळच्या बाजारात एक गिऱ्हाईक विचारत होतं.

ऐरोलीकर_८४

दीर बरोबर आहेत. जहाजवाले बाहेरच्या देशातलं पाणी टाकीत भरून आणतात आणि इथे ओततात. त्यात काय काय असतं देव जाणे. उपाय सोपा आहे, ब्लीचिंग पावडर. पाण्याच्या टाकीत टाकतात ना, तशी जेट्टीजवळ भरतीच्या आधी दोन पोती टाका, सगळं साफ.

खाडीबाई

ऐरोलीकर, दोन पोती टाकायच्या आधी जरा थांबा. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गुन्हा दाखल होईल तो वेगळाच. आणि शिंपले मरणारही नाहीत. पाण्यात क्लोरीन लागलं की ते कवच घट्ट मिटून बसतात, तुमचं औषध ओहोटीबरोबर निघून जातं, मग हे पुन्हा उघडतात. तोवर मेलेली असते करंदी आणि बोईटाची पिल्लं.

ताई, मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवते. फोटोवरून दोन संशयित डोळ्यांसमोर येतात. दोन्ही मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांचे, आपल्याकडे पाहुणे.

पहिला मायटिलॉप्सिस सॅली. कॅरिबियन समुद्राकडचा. विशाखापट्टणमच्या बंदरात १९६७ मध्ये सापडला, पुढे सत्तरच्या दशकात मुंबईच्या गोदीतही. दुसरा मायटेला स्ट्रिगाटा. तो भारतात अलीकडचा. केरळात अष्टमुडी आणि वेंबनाड कायलात (समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवरांत) त्याने गालिचे घातलेत, तमिळनाडूत एन्नोर-पुलिकतच्या बाजूला त्याला काक्का आळी म्हणतात आणि तिथल्या मच्छीमारांनी तो विषय हरित लवादापर्यंत नेला.

दोन्हींतला फरक तुम्ही घरी बघू शकता. एक शिंपला उघडा, मांस काढून कवच धुवा. दोन कवचं जिथे टोकाला जुळतात, त्या टोकदार बाजूच्या आत बघा. तिथे आडवी बसवलेली बारीक पांढरी फळी दिसली, तर मायटिलॉप्सिस. फळी नसेल, आतला रंग जांभळट असेल आणि झुपक्यात चार-पाच सेंटीमीटरचे मोठे नगही असतील, तर मायटेला. आणि बाहेरून टोकापासून काठापर्यंत उभ्या रेघा कोरल्यासारख्या असतील, तर आपलाच एखादा देशी असू शकतो, मग एवढी चर्चा फुकट. पाच-सहा नग उघडा, एकावर विसंबू नका.

खाण्याचं म्हणाल तर बाजारातल्या गिऱ्हाइकाला नाही सांगा. जात विषारी नाही, फिलिपीन्समध्ये मायटेला खातात. पण शिंपला गाळून खाणारा प्राणी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि शहरांच्या सांडपाण्याचं जे काही खाडीत उतरतं, ते तो अंगात साठवतो.

जहाजी_खारघर

बॅलास्टचा, म्हणजे जहाजाच्या टाक्यांतल्या पाण्याचा, विषय निघालाय म्हणून लिहितो. मी मर्चंट नेव्हीत चीफ ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर. बॅलास्टच्या टाक्या जहाजावर माझ्याच ताब्यात असतात, तेव्हा ऐकीव माहिती नाही.

जहाज माल उतरवतं तेव्हा हलकं होतं, तोल राहावा म्हणून समुद्राचं पाणी टाक्यांत घेतं. माल भरायला येतं तेव्हा ते पाणी सोडतं. म्हणजे ज्या बंदरातून खनिजासारखा सुटा माल बाहेर जातो, तिथे परक्याचं पाणी जास्त पडतं. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपला कच्चं तेल उतरवणारा टँकर आपल्या बंदराचं पाणी घेऊन जातो. कंटेनर जहाज तर एका बंदरात उतरवतं आणि भरतंही, त्यामुळे बरंचसं पाणी टाकीतल्या टाकीत फिरतं. जेएनपीटीत बॅलास्ट कधीच सुटत नाही असं म्हणत नाही, पण लोकांना वाटतं तसे रोज पाट वाहत नाहीत.

दुसरं, तारखा बघा. खाडीबाई सांगतायत की हा प्राणी मुंबईच्या गोदीत सत्तरच्या दशकात सापडला. न्हावा-शेवा बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. दिराला सांगा, आरोपीचा जन्म गुन्ह्यानंतरचा आहे.

तिसरं, बॅलास्टवर आता नियम कडक आहेत. आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला. सुरुवातीला पाणी खोल समुद्रात बदलायचं, शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर आणि किमान २०० मीटर खोलीत. किनाऱ्याचा जीव खोल समुद्रात तगत नाही आणि खोल समुद्रातला किनाऱ्यावर, हा त्यामागचा हिशोब. सप्टेंबर २०२४ पासून बदलून भागत नाही, यंत्र लागतं. आधी गाळणी, मग अतिनील किरण किंवा समुद्राच्याच पाण्यातून विजेने बनवलेलं क्लोरीन. सोडताना एका घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉनपेक्षा मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत.

कागदावर उत्तम. प्रत्यक्षात मुंबईसारख्या गढूळ बंदरात पाणी घ्यायला गेलं की गाळणी चिखलाने बसते, पंप ओरडतो, आणि अतिनील दिवा चहाच्या रंगाच्या पाण्यात काय दिवे लावणार? अशा बंदरांत यंत्राला वळसा घालून पाणी कसं घ्यायचं आणि टाक्या नंतर कशा धुवायच्या, याच्या हंगामी सूचना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला २०२४ मध्ये वेगळ्या काढाव्या लागल्या. आमच्या नोंदवह्या मात्र त्याने अजून जाड झाल्या.

पण तुमच्या शिंपल्याचा धंदा मुख्यतः टाकीतून नाही, बुडाला चिकटून चालतो. त्याच्याकडे ते धागे आहेतच. नांगरून पडलेलं जहाज, बार्ज, ड्रेजर, टग, होडी, काहीही चालतं. जहाजाच्या पाणी ओढायच्या खिडक्या असतात, त्यांच्या जाळीमागच्या खोबणीत रंग नीट बसत नाही. ड्रायडॉकला ती जाळी काढली की आतून काय काय निघतं ते एकदा बघायला या, आठवडाभर शिंपले खावेसे वाटणार नाहीत.

सारसोळ्याची_सून

फळी आहे! आठ उघडले, आठांतही. मुलाच्या भिंगातून बघितलं, टोकाच्या आत नखाच्या कडेएवढी पांढरी आडवी फळी. आतून रंग पांढरट-निळसर, जांभळा कुठेच नाही. अडीच सेंटीमीटरच्या वरचा एकही मिळाला नाही. म्हणजे मायटिलॉप्सिस ना?

दिरांना १९८९ चं वाचून दाखवलं. ते म्हणाले मग मुंबई पोर्टने आणला असेल. माणूस हरत नाही.

पण एक कळत नाही. सत्तर सालापासून मुंबईत आहे तर आबांना आत्ता का दिसतोय?

खाडीबाई

हो, मायटिलॉप्सिसच. फोटो आणि जागा आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाका, आणि थोडे नग स्पिरिटमध्ये घालून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात किंवा वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत दाखवा. फोटोपेक्षा बरणीतल्या नगाला वजन असतं.

"आत्ता का" याचं तुमच्या जेट्टीपुरतं उत्तर इथे बसून कुणी छातीठोक देणार नाही. पण या प्राण्याची घडण बघा. अगदी गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत सगळं त्याला चालतं, म्हणून तुमचा पावसाळ्याचा अंदाज चुकला. महिन्याभराचा झाला की वयात येतो, एक मादी हजारोंनी अंडी सोडते. प्राणवायू कमी, सांडपाणी जास्त अशा पाण्यात आपले देशी शिंपले मागे हटतात, तिथे हा आरामात राहतो. त्यामुळे शेजारच्या काकीही अर्ध्या बरोबर आहेत. गटाराने शिंपला आणला नाही, पण त्याला जागा रिकामी करून दिली.

आणि त्याला बसायला कडक वस्तू लागते, नुसत्या चिखलात त्याचा पाय टिकत नाही. खाडी मुळात चिखलाची. पण गेल्या काही दशकांत आपण तिच्यात काय काय रोवलं ते मोजा. पुलांचे खांब, जेट्ट्या, जलवाहिन्यांचे आधार, प्लास्टिकचे पिंप, फायबरच्या होड्या, नायलॉनचे दोर.

तळवलीचा_तात्या

अहो मॅडम, फळी, भिंग हे सगळं ठीक. आमच्या पोरांना एक सांगा, मारायचा कसा? सरकारने औषध शोधलं असेलच ना कुठल्या देशात?

खाडीबाई

तात्या, एका देशाने मारला आहे. ऑस्ट्रेलियात, डार्विनला, आणि हाच शिंपला.

मार्च १९९९ मध्ये तिथल्या एका मरीनात, म्हणजे शिडाच्या आणि हौशी बोटींच्या बंदरात, पाणबुड्यांना तो सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तिथे एकही नव्हता, आणि आता काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी. एकूण तीन मरीनांत निघाला. सरकारने तिन्ही बंद केल्या, बोटी आत अडकवून ठेवल्या, आणि शंभर टनांहून जास्त द्रव ब्लीच आणि काही टन मोरचूद पाण्यात ओतलं. आधीच बाहेर पडलेल्या बोटी किनारपट्टीभर शोधून काढून तपासल्या. महिन्याभरात शिंपला संपला, त्याबरोबर त्या पाण्यातलं बाकी सगळंही मेलं. लाखो डॉलर लागले.

ते जमलं याचं कारण औषध नव्हे. डार्विनला भरती-ओहोटीत सात-आठ मीटरचा फरक पडतो, म्हणून त्या मरीनांना धरणासारखे दरवाजे होते. दरवाजा लावला की झाली टाकी. शिवाय सहा महिन्यांच्या आत पकडला. आपल्या खाडीला दरवाजा कुठे लावणार, आणि पन्नास वर्षांच्या पाहुण्याला आता कसं काढणार? खाडीतून तो जाणार नाही. तुमच्या दोरावर किती बसू द्यायचा आणि तुमच्या होडीवरून पुढच्या खाडीत जाऊ द्यायचा की नाही, एवढंच हातात आहे.

जहाजी_खारघर

कामाचं सांगतो, ताई.

होडी पाण्यात असताना बूड खरवडू नका. जेट्टीवर बघितलंय मी, पोरं गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून पत्र्याने खरवडतात आणि सगळं खालीच पडतं. खाली पडलेला मरत नाही, बाजूच्या खुंटावर जाऊन बसतो. होडी वर ओढा, ताडपत्रीवर खरवडा, कचरा भरतीच्या रेषेच्या वर उन्हात पसरा.

पूर्ण सुकवा. कडक उन्हात आठ-दहा दिवस. सावलीत ओल्या दोराच्या गुंडाळीत हे मिटून बरेच दिवस जगतात, तेव्हा दोर मोकळे करून वाळवा. गोड्या पाण्याने धुणं निरुपयोगी, ते वर आलंच आहे. गरम पाणी चालतं. अमेरिकेत तळ्यांमधल्या झेब्रा शिंपल्यासाठी बोटी ६० अंशांच्या पाण्याने फवारून धुतात. हा त्याचाच भाऊबंद. इंजिनाच्या थंड पाण्याच्या नळीत आणि बुडाच्या सांध्यात तेच करा.

मग तांब्याचा अँटिफाउलिंग, म्हणजे बुडाला काही बसू न देणारा, रंग. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायच्या आधी लावा, कारण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे झुंड पावसानंतर बसते. जुना कथिलाचा, टीबीटीवाला रंग कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. त्यावर २००८ पासून जगभर बंदी आहे, त्याने शिंपल्यांबरोबर गोगलगायींची पुढची पिढीच खुंटत होती.

आणि मोरा, करंजा, भाऊचा धक्का, कुठूनही जुनी होडी विकत घेतलीत तर आधी जमिनीवर सुकवा, मग खाडीत घाला.

सारसोळ्याची_सून

जहाजीदादा, हे सगळं मान्य. पण होडी वर ओढायला जागा लागते. जेट्टीला उतार आहे त्यावर निम्म्या दिवशी गाड्या लावलेल्या असतात. जून-जुलैच्या बंदीत ओढतोच आम्ही, पण तेव्हा ऊन कुठलं? आठ-दहा दिवस कडक ऊन म्हणजे एप्रिल-मे, आणि तेव्हा होडी बाहेर ठेवली तर त्या दिवसांचं घर कोण चालवणार?

त्यातल्या त्यात दोरांचं जमेल. आबांनी स्वतःच तोड काढली. दोरांचे दोन संच करायचे. एक पाण्यात, एक गच्चीवर उन्हात, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीच्या) दिवसांत आदलाबदल. भांगात पाण्याला ओढ नसते, डोल तशीही फारशी लागत नाही. नवा दोर घ्यावा लागेल, पण जाळं शिवायच्या मजुरीपेक्षा कमीच जाईल. मघाशी गच्चीवर जागा मोजली. सोसायटीवाल्यांनी वासाची तक्रार केली तर त्यांना हाच धागा वाचायला देईन.

वाशीगावची_नणंद

वहिनी, वाशीगावात पुलाखाली दगडांवर पण हेच आहेत. आमची आई कालवं काढायला जायची तिथे आता आधी हे ओरबाडून काढावे लागतात. पक्ष्यांना याचा त्रास होईल का? फ्लेमिंगो येतात ते चिखलातच चरतात.

आणि वाळलेल्या शिंपल्यांचा चुना होतो का?

खाडीबाई

चुना होतो, पूर्वी शिंपल्यांचाच करायचे. पण आधी पूर्ण वाळू द्या, आणि गोणी भरून दुसऱ्या खाडीकाठी नेऊ नका.

फ्लेमिंगोंबद्दल, या शिंपल्यापुरतं तरी मला फार भय वाटत नाही. हा कडक वस्तूवर बसतो, ते मोकळ्या चिखलात चरतात. मला भीती आहे ती मायटेलाची, कारण तो चिखलावरसुद्धा सतरंजी घालतो. अष्टमुडी कायलातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये टिकाऊ मासेमारीसाठीचं एमएससीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं, भारतातलं पहिलं. त्यानंतर काही वर्षांतच तिथे हा पसरला आणि तिसऱ्यांच्या जागेवर बसायला लागला. आपल्याकडे बायका ओहोटीला चिखलात तिसऱ्या वेचतात, त्यांना तो आधी दिसेल, आम्हा प्राध्यापकांना नंतर. फळी नसलेला, आतून जांभळा, असा एक जरी हाताला लागला तर कृपा करून फेकू नका.

आणि आपण फक्त सोसणारेच आहोत असंही नाही बरं का. आपला हिरवा शिंपला, रत्नागिरीकडे चवीने खातात तो, १९९९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या टँपा खाडीत वीज केंद्राच्या पाणी ओढायच्या बोगद्यात निघाला. तिथले लोक आता त्याच्या नावाने बोटं मोडतात.

सारसोळ्याची_सून

एक शेवटचं विचारते. कधी बसतात ते नक्की कळलं तर दोर कधी बदलायचे तेही ठरवता येईल. अंदाजावर नको.

खाडीबाई

बंदरांच्या पाहणीत वापरतात तीच पद्धत तुम्हाला जमेल. फरशीचे तुकडे दोरीला बांधून जेट्टीवरून लटकवायचे, काही दिवसांनी काढून वर काय बसलंय ते बघायचं.

सारसोळ्याची_सून

बाथरूमची उरलेली फरशी आहे घरात. खडबडीत बाजू बाहेर की गुळगुळीत? आणि ओहोटीला उघडी पडेल अशी लावू की पाण्याखालीच राहील अशी?

खाडीबाई

खडबडीत बाहेर. उधाणाच्या ओहोटीतही पाण्याखाली राहील एवढी खोल, पण तळाच्या चिखलाला टेकू देऊ नका. दोन दोऱ्या लावा. एकीवरची फरशी दर अमावस्येला काढून नवी बांधायची, म्हणजे त्या महिन्यात नवे किती बसले ते कळतं. दुसरीला वर्षभर हात लावायचा नाही, नुसता फोटो. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. आणि फरशीला भोक पाडताना मागे लाकूड धरा, नाहीतर तडकते.